मोडीचा डबा

चष्मा नाकावर बसला तेव्हा बन्सीला सगळ्यात आधी दिसलं ते फूल. गुलमंडीवरच्या त्या अरुंद दुकानात काउंटरपलीकडची मुलगी पुढं वाकून चष्म्याच्या काड्या त्याच्या कानांमागं सारत होती, आणि तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातला काचेचा मणी त्याच्या डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर लोंबत होता. नंबर नवा होता. कित्येक महिने धुरकटलेलं जग एकदम कडा घेऊन उभं राहिलं, आणि त्या जगाच्या मधोमध फिकट हिरव्या गाभ्यावर एक निळं फूल होतं, वरून पाण्यासारखी स्वच्छ काच. पाच पाकळ्या, मध्ये टाचणीच्या डोक्याएवढा हवेचा बुडबुडा. फूल सरळ नव्हतं. ते एका अंगाला कललं होतं, आणि त्या कलण्यामुळंच ते काचेत बसवलेलं वाटत नव्हतं, काचेत उगवलेलं वाटत होतं. बन्सीच्या मनात आलं, हात चांगला आहे, कुणाचा असेल? आणि पुढचा श्वास घ्यायच्या आत त्याला कळलं, हात त्याचाच होता.

"साफ दिख रा क्या, चाचा?" मुलीनं विचारलं. तो मण्याकडंच बघत होता तशी तिनं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. "वो आखरी लाइन पढ़ो. मराठीत आहे बघा."

त्यानं शेवटची ओळ वाचली. न अडखळता वाचली. वाचताना त्याचा उजवा तळवा पँटच्या खिशात मांडीला दाबलेला होता, जसा तो चारचौघांत नेहमी असे. मग त्यानं शक्य तितक्या सहज आवाजात म्हटलं, "मणी कुठला हा, बेटा?"

मुलीनं दोरा उचलून मणी उजेडाकडं धरला. कुणी विचारावं म्हणूनच तो घातल्यासारखा तिचा चेहरा उजळला. "बचत गटाचं प्रदर्शन लागलं होतं ना, तिथून घेतला. मी त्या बाईंना विचारलं, हे फूल वाकडं कायको है? तर त्या काय बोलल्या माहितीय? म्हणे, वारं लागलंय त्याला." ती हसली. "मग काय, सगळ्या पोरी त्याच्यावरच पडल्या. सीधे फूलवाले भी थे, ते तसेच पडून होते."

वारं लागलंय त्याला. दुकानाच्या पायऱ्या उतरताना ते शब्द बन्सीच्या कानात त्या मुलीच्या आवाजात नव्हते, चतुराबाईच्या आवाजात होते. लग्नाला चाळीस वर्षं होत आली; आपली बायको गिऱ्हाइकापुढं मान किंचित तिरकी करून, हातातलं फडकं झटकत ते वाक्य कसं म्हणाली असेल, ते त्याला गुलमंडीच्या गर्दीत उभ्याउभ्या दिसलं. आणि तो मणीही त्याला आठवला. आठवला म्हणण्यापेक्षा तो समोर येऊन उभा राहिला. बन्सीचा बाप मुंजाबा फुलंब्रीच्या माळावर मेंढरं राखायचा आणि दुसऱ्याच्या कळपात घुसलेलं आपलं मेंढरू अंधारात नुसत्या कानाला हात लावून ओळखायचा. बन्सीनं मेंढरं सोडली, आयटीआयला गेला, काच हातात धरली, पण ती ओळखायची खोड रक्तातून आलीच. त्या मण्याच्या चौथ्या पाकळीतून निळ्या रंगाचा एक केसाएवढा धागा बाहेर सुटलेला होता. पाकळ्या पाडायची टोचणी दाबताना हातानं उडी मारली होती तिथं. दिवाळीच्या आधीची गोष्ट. त्यानं तो मणी खिडकीशी धरून पाहिला होता आणि मोडीच्या, म्हणजे नापास मालाच्या, डब्यात टाकून दिला होता.

सिटी चौकाकडं जाता जाता त्यानं नवा चष्मा काढून खिशात ठेवला आणि परत घातला. त्याला कळेना की त्याला नक्की कशाची लाज वाटतेय. आपला बिघडलेला माल कुणाच्या गळ्यात चारचौघांसमोर फिरतोय याची लाज तर होतीच, ती सरळ होती, तिला नाव होतं. पण तिच्याखाली दुसरी होती. त्या एका क्षणी, स्वतःचा हात ओळखायच्या आधी, त्याला ते फूल आवडलं होतं. आवडलं एवढंच नाही, त्याला किंचित हेवा वाटला होता. जन्मभर ज्या नजरेवर त्यानं विश्वास टाकला तीच नजर कललेल्या फुलावर भाळली होती, आणि ओळख पटताक्षणी तिनं तेच फूल नापास केलं होतं. मग त्या दोन नजरांतली खरी कुठली? हा प्रश्न त्यानं पुढं जाऊ दिला नाही. समोरून मुकुंदवाडीची शेअर रिक्षा येत होती, त्यानं हात केला. डावा हात. उजवा खिशातच होता.

मणी करणं तसं अवघड नाही, असं तो शिकायला येणाऱ्या बायकांना सांगायचा, तेव्हा त्याचा हात धड होता. तारेला मातीचा लेप द्यायचा, म्हणजे काच तिला चिकटून बसत नाही. गॅसच्या ज्योतीत काचेची कांडी धरायची, ती मधासारखी ओघळायला लागली की तारेवर गुंडाळून गाभा करायचा. गाभ्यावर रंगीत काचेचे पाच ठिपके. ठिपके वितळून सपाट झाले की मधोमध पोलादी टोचणी दाबायची. ठिपके आत ओढले जातात आणि बघता बघता त्यांच्या पाकळ्या होतात. त्या खड्ड्यावर स्वच्छ काचेचा थेंब ठेवला की खाली हवा अडकते, तो फुलातला दवाचा ठिपका. शेवटी सगळ्यावर स्वच्छ काचेचं जाड आवरण, आणि मणी गरम राखेत पुरून ठेवायचा, कारण घाईनं थंड झालेली काच कधी ना कधी तडकते. तो बायकांना बजावायचा, आवरण चढवायच्या आधी काय ते बघून घ्या. गोल काच भिंगासारखी असते. वरून एकदा काच चढली की आतलं फूल मोठं दिसतं, आणि आतली चूक पण. मग ती कुणाला काढता येत नाही. सगळा खेळ त्या टोचणीच्या एका दाबण्याचा होता. आणि गेल्या वर्षभरात त्याचा हात नेमका तिथंच, टोचणीचं टोक काचेला टेकणार त्या निमिषाला, एकदा थरथरून बाजूला सरायचा. एरवी मांडीवर, उशीवर, खिशात तो गप्प पडून असे. काम सांगितलं की कापे.

रिक्षा क्रांती चौकात अडकली. शेजारी बसलेला माणूस भाजीची पिशवी मांडीवर घेऊन फोनवर कुणाला तरी आपण पोहोचलोच आहोत असं सांगत होता. बन्सीच्या डोळ्यांपुढं चिकलठाण्याच्या कारखान्यातली लांब शेड आली, जिच्यात त्यानं प्रयोगशाळेसाठी नळ्या, चंबू, तोट्या करण्यात उमेदीची सगळी वर्षं घातली. शेडच्या मधोमध पत्र्याचं एक पिंप असे. नियम असा होता की तपासणीत नापास झालेला नग ज्यानं केला त्यानंच उचलायचा, सगळ्यांच्या बाकांमधून चालत जायचं आणि वरून पिंपात टाकायचा. काच फुटल्याचा आवाज पत्र्यात दणदणून साऱ्या शेडभर व्हायचा. कुणी दंड करत नसे, कुणी बोलत नसे. तो आवाज हीच शिक्षा होती. मग कुठून तरी एखादा ओरडायचा, "घंटा वाजली रे, आरती घ्या!" आणि सगळे हसायचे. बन्सीचं पिंप क्वचित वाजे. त्याला तो नियम आवडायचा. काच खोटं बोलत नाही आणि पिंपही बोलत नाही, असं त्याला वाटायचं. सांडू नावाचा त्याच्यापेक्षा मोठा कारागीर शेजारच्या बाकावर बसायचा. निवृत्तीच्या आधी त्याचे हात कापायला लागले आणि त्याचं पिंपाकडं जाणं वाढलं. काही दिवसांनी लोकांच्या लक्षात आलं की सांडू जातो, पण आवाज येत नाही. तो पिंपात वाकायचा, खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि नग तळाशी अलगद ठेवून यायचा, झोपलेल्या पोराला पाळण्यात ठेवावं तसा. एक दिवस कारभारी नावाच्या मुकादमानं त्याला तिथंच थांबवलं. "सांडूभाऊ, वरून टाका. आवाज आला पाहिजे." सांडूनं हात आत घातला, ठेवलेली नळी परत बाहेर काढली आणि वरून टाकली. त्या दिवशी आरती घ्या असं कुणी ओरडलं नाही. बन्सी आपल्या ज्योतीकडं बघत राहिला आणि त्याच्या मनात आलं होतं की नियम म्हणजे नियम.

कारखाना सुटला तेव्हा तो नियम त्यानं घरी आणला. मुकुंदवाडीच्या घराला मागं पत्रा टाकलेली एक चिंचोळी पडवी होती; तिथं त्यानं बर्नर मांडला, राखेचं पातेलं ठेवलं आणि कोपऱ्यात तेलाचा हातभर खोल रिकामा डबा, वरचा पत्रा कापून. मोडीचा डबा. चतुराबाईनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कारखान्यात ठीक हाय, तितं लोक होते. हितं कुणाला ऐकवायचंय?" तो म्हणाला होता, "मला." तिनं कपाळावर हात मारून घेतला होता आणि हसली होती. मणी लहान, पिंपातल्या नळीसारखा फुटायचा नाही, पण पत्र्यावर ठण्ण वाजायचा, एखादा कपचायचा. आत स्वयंपाकघरात चतुराबाई म्हणायची, "वाजली का घंटा?" तो म्हणायचा, "वाजली." आणि मोड साठली की ती भंगारवाल्याला देते, असं तिनं सांगितलं होतं. बन्सीनं कधी खातरजमा केली नाही. डब्यात टाकलेल्या गोष्टीकडं परत बघायचं नाही, हाही त्याच्या नियमाचाच भाग होता.

आता रिक्षात बसल्या बसल्या त्याला डब्याच्या आवाजाची आठवण झाली. डबा वाजायचा थांबला होता. कधीपासून, ते त्याला सांगता आलं नसतं. हिवाळ्यात केव्हातरी ठण्णचं थप झालं होतं, आणि त्यानं ते आपल्या कानांच्या खाती टाकलं होतं. डोळे गेले, हात गेला, आता कान. एकदोनदा त्यानं चतुराबाईला विचारलंही होतं की तू हळू बोलायला लागलीस का. ती म्हणाली होती, "मी? मला कोण हळू बोलू देतंय." आणि खरं सांगायचं तर कान गेल्याचं त्याला बरंच वाटलं होतं. दर सकाळी आपल्या चुकीचा आवाज जरा कमी ऐकू येत होता. त्या आवाजाची चोरी होत होती आणि तो चोराचा आभारी होता.

मग एकामागून एक गोष्टी सरळ व्हायला लागल्या, नव्या चष्म्यातून दुकानांच्या पाट्या व्हाव्यात तशा. चतुराबाई हल्ली चहा अर्धा कपच देते. त्याला वाटलं होतं दुधाची काटकसर. ताटात आमटी येते ती वाटीत, खोलगट, कधीच भरलेली नाही. बँकेत सही करायची वेळ आली की ती मुद्दाम कुणाशी तरी गप्पा मारायला बाजूला जाते. तो हात खिशात ठेवून फिरत होता, आणि खिशाबाहेर सगळं घर त्या हाताच्या मापानं कापून शिवलं गेलं होतं. त्याला कुणी काही कळू दिलं नव्हतं. त्यानं लपवलं ते तिला दिसलं होतं, तिनं लपवलं ते त्याला दिसलं नव्हतं, आणि या दोहोंत जास्त चांगला कारागीर कोण ते उघड होतं.

घर येईपर्यंत त्यानं मनात वाक्यं जुळवली. मोडीतला माल विकतेस? माझं नाव लावून? त्यावर ती काय म्हणेल तेही त्याला ऐकू येत होतं. मोडीतला कशावरून? तुमी म्हणलं म्हणून? लोक तर घेऊन जातेत. लोकांना काय कळतंय, असं म्हणता आलं असतं, पण त्या दुकानात आधी त्याचेच डोळे लोकांच्या बाजूनं गेले होते.

चतुराबाई दारातच कोथिंबीर निवडत बसली होती. "आलाव? दिसाया लागलं का?"

"दिसतंय."

"मंग मी कशी दिसते, सांगा."

त्यानं तिच्याकडं पाहिलं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, हनुवटीवरचं गोंदण, बोटांना चिकटलेली पानं. सगळं नको तितकं स्वच्छ. "म्हातारी," तो म्हणाला.

"अवं, वापस करा त्यो चष्मा. फसवलं तुमाला." ती उठली, हसतच आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

चहा आला. अर्धा कप. बन्सीनं तो हातात घेतला नाही. "अर्धाच?" आजवर त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

चतुराबाईचा हात क्षणभर थांबला. "साखर वाढंल तुमची."

"मला साखर नाय."

"मंग माझी वाढंल," ती म्हणाली आणि पातेलं धुवायला वळली.

त्यानं कप उचलला. पूर्वी कपात नुसता तपकिरी रंग दिसायचा. आता त्याला चहावरचे तरंग दिसले, काठाकडून मध्ये आणि मधून काठाकडं, न थांबता. दोन्ही हातांनी धरूनही ते थांबले नाहीत. पण सांडलं नाही. अर्ध्या कपातून सांडत नाही, हे तिनं नीट मोजून ठेवलं होतं. जुळवून आणलेली वाक्यं त्याच्या तोंडात आली आणि चहाबरोबर खाली गेली.

"उद्या शेंद्र्याला लागणारय प्रदर्शन," ती पाठमोरीच म्हणाली. "असले काय मणी तर देऊन ठेवा."

"पास झालेले थोडेच हायेत."

"पुरतील की," ती म्हणाली. फार लवकर म्हणाली. मग तिलाही ते जाणवलं असावं. तिनं विनाकारण एक ताटली दोनदा विसळली.

तो पडवीत गेला. राखेच्या पातेल्यात हात घालून त्यानं काल पुरलेली तार काढली, मणी तारेवरून फिरवून सोडवला, पाण्यात धुतला. मग सवयीनं तो उजेडात धरला. लाल फूल होतं, दुकानातल्या निळ्यापेक्षाही जास्त कललेलं, एक पाकळी बाकीच्यांपासून लांब निघालेली. त्यानं त्या नजरेनं बघायचा प्रयत्न केला, दुकानात पहिल्या क्षणी मिळाली होती त्या. कुणाचा तरी दुसऱ्याचा हात आहे असं स्वतःला सांगून पाहिलं. एकदा डोळे मिटून अचानक उघडून पाहिले. जमलं नाही. त्याला फूल दिसत नव्हतं. टोचणी टेकताना कुठं सरकली ती जागा दिसत होती, आणि गोल काच ती जागा मोठी करून दाखवत होती. मणी नापास होता. याबाबत त्याच्या मनात शंका नव्हती, आणि शंका नसल्याचं त्याला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

तो डब्याजवळ गेला. टाकण्याआधी त्यानं आत पाहिलं. हे त्यानं कधी केलं नव्हतं. तळाशी फडकं होतं. चार घड्या घालून कोपऱ्याला कोपरा जुळवून बसवलेलं, कुठं सुरकुती नाही. खाकी होतं. त्यानं ते चिमटीत धरून उचललं आणि त्याला खिसा दिसला. त्याच्याच कारखान्यातल्या सदऱ्याचा खिसा, ज्यात तो जन्मभर टोचण्या ठेवायचा आणि ज्याला त्या टोचण्यांनी खालून भोकं पाडलेली होती. भोकं तिनं बारीक टाक्यांनी बुजवली होती, म्हणजे बारका मणी निसटून पत्र्यावर जायला नको. फडकं धुतलेलं होतं. त्याला साबणाचा वास होता. कधीतरी तो बाहेर गेला की ती ते काढत असणार, धूत असणार, वाळवून परत घड्या घालत असणार. आपल्याच घरात पाऊल न वाजवता.

फडकं हातात घेऊन तो उभा राहिला. एवढंच करायचं होतं. ते बाजूला ठेवायचं आणि मणी वरून टाकायचा. डबा वाजला असता. आत तिला ऐकू गेलं असतं, आणि एक शब्दही न बोलता सगळं बोलून झालं असतं: की मला कळलंय, की हे चालायचं नाही, की अजून माल मी पास करतो. नियम म्हणजे नियम. त्यानं मणी डब्यावर धरला. बोटं कापत होती. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती. दर सकाळी ती अशीच थांबून ऐकत असणार, थप झालं का ठण्ण झालं ते. आणि थप झालं की सुटल्यासारखी पुन्हा कामाला लागत असणार. ही तिची रोजची भीती इतके महिने भिंतीपलीकडं चालू होती, आणि तो अलीकडं उभा राहून आपल्या चुकांचा हिशेब चोख ठेवत होता.

बन्सी वाकला. त्यानं फडकं होतं तसं परत तळाशी घातलं. घड्या तिच्यासारख्या जमल्या नाहीत, एक कोपरा तिरका राहिला, तो त्यानं दोनदा सारखा केला. मग त्यानं मणी मुठीत धरून हात आत घातला, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. पत्र्याची कापलेली कड काखेत रुतली. याच जागी सांडूलाही रुतत असली पाहिजे, हे त्याला आता कळलं. मूठ फडक्याला टेकल्यावर त्यानं बोटं उघडली. थप झालं नाही. काहीच झालं नाही.

भिंतीपलीकडं अजून शांतता होती.

"आज टाकलं नाय का वं काही?" चतुराबाईचा आवाज आला. साधाच, पण जरा वरच्या पट्टीत.

"नाय," बन्सी म्हणाला. डब्यात वाकल्यामुळं त्याचा आवाज त्यालाच घुमून ऐकू आला. कान शाबूत होते. "आज टाकलं नाय."

थोड्या वेळानं भांडी वाजायला लागली. बन्सी तसाच वाकून राहिला. फडक्यावर टेकलेला त्याचा हात कापत नव्हता, आणि तो बाहेर काढायची त्याला घाई नव्हती.